चोरीला गेलेली गुरगुर

१

हळद्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन घेऊन या, असा फोन आला तेव्हा माझी बायको आवळे किसत होती. तिनं किसणी बाजूला ठेवली, पलीकडचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येते. पण इंजेक्शन कुठलं द्यायचं ते मी ठरवीन."

माझी बायको म्हणजे डॉ. मोहिनी खैरनार. सरकारी पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून ती सिन्नर, इगतपुरी, नामपूर अशी जिल्हाभर फिरली. मी एसटीत वाहतूक नियंत्रक, त्यामुळे तिच्या मागून बदल्या मागत मीही फिरलो. आता दोघंही निवृत्त आहोत. हल्ली चावऱ्या कुत्र्यांच्या तक्रारी घेऊन लोक तिच्याकडे येतात आणि ती दर वेळी कुत्र्याची बाजू घेते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी बाजू तिनं घेतल्याचं काही आठवत नाही.

फोन सविता तिडकेचा होता. सविताचं माहेर नामपूरचं. तिच्या वडिलांच्या गोठ्यात मोहिनीचं जाणं-येणं असे, म्हणून ती मोहिनीला ताई म्हणते. सासर मखमलाबादच्या पुढं, द्राक्षबागेतल्या बंगल्यात. तिच्या मुलीचा, वेदिकाचा हात आदल्या दिवशी कुत्र्यानं फोडला होता. आणि हे कुत्रं, म्हणजे हळद्या, वेदिकानंच रस्त्याकडेनं उचलून आणलेलं, बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं.

आम्ही स्कूटरवर निघालो. स्कूटर ती चालवते. मी जन्मभर गाड्या सोडल्या, चालवली मात्र एकही नाही.

सविताचा नवरा धनराज फाटकातच उभा होता. गडी धिप्पाड, पण रात्रभर झोपला नसावा. "मॅडम, पिसाळलंय ते," तो म्हणाला. "आधी आमच्या बारकूला धरलं, मग ट्रेनरला, काल माझ्या पोरीला. उद्या कोणाच्या लेकराचा गळा धरला म्हणजे? माझ्याच्यानं बघवत नाय, पण तुम्ही सुई द्या."

मोहिनीनं आधी वेदिकाची चौकशी केली. रेबीजच्या सुया सुरू झाल्या होत्या. कुत्र्यालाही दर वर्षी लस टोचलेली होती. मग तिनं धनराजला समजावलं की चावलेलं कुत्रं दहा दिवस डोळ्यांसमोर जिवंत ठेवावंच लागतं. ते धडधाकट राहिलं, तर पोरीच्या जिवाचा घोर मिटतो.

"आणि दहा दिवसांनी?" धनराजनं विचारलं. "तेव्हा तरी द्याल?"

"का चावतो ते मला सापडलं नाही, तर देईन," मोहिनी म्हणाली.

पायरीवर बसलेल्या वेदिकानं हे ऐकलं. तिच्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं आणि रडून चेहरा सुजला होता. मोहिनी तिच्या शेजारी जाऊन बसली. चावण्याआधी तो गुरगुरला होता का, एवढंच तिनं विचारलं.

वेदिका म्हणाली, नाही. दात दाखवले नाहीत, आवाज केला नाही. ती नेहमीसारखी त्याच्या गळ्यात हात टाकून बसली आणि त्यानं वळून हातच धरला. लगेच सोडलाही, आणि स्वतःच कोपऱ्यात जाऊन थरथरत बसला.

"पूर्वी गुरगुरायचा?"

वेदिकानं मोबाइलवर जुना व्हिडिओ लावला. पिवळंधमक पिल्लू पलंगाखाली हाडूक धरून बसलंय आणि जवळ येणाऱ्या चपलेवर असं काही गुरगुरतंय की मोबाइल धरणारी हसून लोळतेय. मोहिनीनं तो व्हिडिओ दोनदा बघितला. हसली मात्र नाही.

"धनराजभाऊ," ती म्हणाली, "तुमच्या घरात चोरी झालीय. ह्या कुत्र्याची गुरगुर कोणीतरी चोरलीय. चोर सापडू द्या, मग सुईचं बोलू."

२

हळद्याला पॅकिंग शेडमध्ये, जाळीच्या दाराआड कोंडलं होतं. बाप कोण देव जाणे, पण अंगावर शेफर्डचे दाट केस, मानेभोवती झुपकेदार आयाळ आणि रंग हळदीचा. मी शीळ घातली. त्यानं नुसती मान वळवली नाही. स्टँडात बस वळावी तसा सगळाच्या सगळा फिरला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. डोळे गरीब होते. मी पिसाळलेली माणसं पुष्कळ पाहिली आहेत, विशेषतः दिवाळीच्या गर्दीत. त्यांचे डोळे असे नसतात.

घरात प्रत्येकाकडे आपापला आरोपी तयार होता. सविताचा संशय ट्रेनरवर. महेश नावाचा तरुण मध्यंतरी कुत्र्याला शिकवायला यायचा, त्यानंच मारून मारून बिघडवलं असणार, असं तिचं म्हणणं. शिवाय श्रावणात हळद्याला गोचीड ताप झाला होता, हाडांचा सापळा उरला होता. त्यातून तो उठला, चांगला भरला, पण दसऱ्यापासून अंगाला वास मारतो आणि आंघोळही घालू देत नाही. कधी कधी वाटतं क्रेटच्या ढिगात उंदीरच मेलाय. हे सांगताना तिचा आवाज खाली आला आणि ती एकदम माहेरच्या बोलीत शिरली. "तो गुनी शे, ताई. पन आते माले भेव वाटस." आईचं भय ते, त्याला काय उत्तर देणार.

धनराजचा संशय बारकूवर. बारकू पेठकडचा. बायको भागीबाईसह दर हंगामाला बागेवर येतो, आणि हळद्याला भाकर घालायचं काम त्याचंच. पहिला चावा त्यालाच बसला. म्हणजे त्यानंच काठी उगारली असेल, नाहीतर खाऊ घालणाऱ्याला कोण चावतं, असा धनराजचा हिशेब.

बारकू बागेत होता, म्हणून आम्ही तिकडे गेलो. नव्या लागवडीत रोपं बांबूला बांधायचं काम चाललं होतं. धनराज कुत्र्याचं विसरून तिथंच एका पोरीवर तडकला. तिनं दोरी ताठ बांधली होती. त्यानं आम्हाला मुद्दाम शेजारचं एक खोड दाखवलं. बुडाशी अंगठ्याएवढं, मधेच एक खाच आणि खाचेत काहीच नाही.

"इथं गेल्या साली दोरी बांधली होती," तो म्हणाला. "आता दिसतेय का? नाय. खोड जाड झालं आणि दोरी गिळून बसलं. वरनं पान हिरवंगार, आत गळा आवळलेला. बांधताना चार बोटं सैल सोडा, हे माझ्या आईनं पार पहिल्या बागेपासून सगळ्यांना शिकवलंय, तरी ही नवी माणसं ऐकत नायत."

मोहिनी त्या खोडाजवळ बराच वेळ वाकून उभी होती. मला वाटलं, आता ही म्हातारपणी बाग लावायला काढते की काय.

बारकू कमी बोलणारा. काठी उगारली का, ह्यावर त्यानं फक्त मान हलवली. गळ्यात पट्टा अडकवताना हळद्यानं अंगठा धरला, तेव्हापासून पट्टा घातलेला नाही. एवढं सांगून तो कामाला लागला. मोहिनी तिथून हलेना, तेव्हा तो पुन्हा थांबला आणि म्हणाला, "वाडगा भुईवर ठेवला त तो खातंच नाय. ओट्यावर ठेवला का खातं. दसरा झाला तवापासून."

परत आलो तेव्हा शेडचं दार उघडं होतं आणि धनराजची आई, साळूबाई, आत हळद्याजवळ बसली होती. मी दचकलो. पण कुत्रं तिच्या मांडीला अंग टेकून डोळे मिटून पडलं होतं आणि म्हातारी शेपटीकडून कमरेपर्यंत त्याची पाठ खाजवत होती. इतकं सगळं होऊन ती एकटी बिनधास्त आत जाते आणि तिला कधी साधा ओरखडाही आलेला नाही, हे सगळ्यांनीच सांगितलं. भीती वाटत नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मला कशाला चावंल? खंडोबाचं जनावर हे. त्याला सगळं कळतं."

मोहिनी तिच्या हातांकडे बघत होती. इतक्यात फाटकात मोटारसायकल थांबली. लष्करी ठिपक्यांची पँट घातलेला एक तरुण उतरला. त्याच्या हातात लोखंडी साखळी होती. सविता दारातूनच म्हणाली, "हाच तो महेश."

३

महेशला मोहिनीनंच फोन करून बोलावलं होतं. आम्ही सगळे शेडसमोर उलट्या क्रेटवर बसलो. धनराजनं चहा सांगितला आणि मी सवयीनं पेपर मागितला. कुणाच्याही घरी गेलो की मी आधी पेपर मागतो. त्यावरून मोहिनी मला आयुष्यभर बोलत आलीय.

महेशनं मनगटावरची खूण दाखवली. मग खिशातून बिस्किटांची पुडी काढून क्रेटवर ठेवली. तो म्हणाला की साखळी रस्त्यावर दुसऱ्या कुत्र्यांसाठी, पण शिकवायचं ते ह्या पुडीवर. हळद्याला त्यानं बोटही लावलं नव्हतं. शेवटच्या दिवशी मानेतली गोचीड बघावी म्हणून केस बाजूला करायला गेला आणि मनगट गेलं.

"मी त्याच दिवशी सरांना म्हटलं, ह्याला डॉक्टरला दाखवा," महेश म्हणाला. "सर म्हणाले, ट्रेनरच भित्रा निघाला. मग मी यायचं बंद केलं."

धनराजनं घसा साफ केला. गुरगुर कधी बंद झाली, असं मोहिनीनं महेशला विचारलं. त्यानं सांगितलं की तो पहिल्यांदा आला तेव्हाच कुत्रं मुकं होतं. त्याला त्याच दिवशी ते खटकलं होतं. म्हणजे चोरी त्याच्या आधीची.

आता बारकूही नाही आणि महेशही नाही, मग उरलं कोण, असा विचार करत मी पेपर वाचत होतो. चहावर एक माशी घोंगावायला लागली. तिला हाकलायला मी पेपरची गुंडाळी केली.

जाळीपलीकडे हळद्या एकदम चपटा झाला. त्यानं जीभ काढून ओठ चाटले, कान पाडले आणि पोट घासत क्रेटच्या ढिगामागे जाऊन बसला.

"अहो," मोहिनी हळूच म्हणाली, "उलगडा तो पेपर."

मी उलगडला. हळद्यानं ढिगाआडून नाक बाहेर काढलं.

"आता पुन्हा गुंडाळा."

मी गुंडाळला आणि नाक आत गेलं.  मग सगळ्यांच्या आधी सवितानं धनराजकडे पाहिलं.

धनराजनं नाकारलं नाही. गेल्या हंगामात माल बघायला व्यापारी यायचे, त्यांच्याबरोबर कधी त्यांची पोरंटोरं असायची. हळद्या गुरगुरला की लोक बिचकायचे. कोणीतरी सांगितलं की नाकावर पेपरची गुंडाळी मारा, लागत नाही आणि लक्षात राहतं. त्यानं तेच केलं. गुरगुरला की फटका, पुन्हा गुरगुरला की पुन्हा फटका. थोड्याच दिवसांत कुत्रं गप्प झालं. "मला वाटलं, शहाणं झालं," तो म्हणाला. "मी तर लोकांना कौतुकानं सांगायचो, मॅडम."

मोहिनी त्याच्यावर चिडेल असं मला वाटलं होतं, पण ती चिडली नाही. तिनं त्याला शांतपणे सांगितलं की गुरगुर म्हणजे कुत्र्याचं 'नको'. आधी ते तोंड फिरवतं, ओठ चाटतं, अंग आखडतं. तेवढ्यानं आपल्याला कळलं नाही, तर गुरगुरतं. ती शेवटची विनंती असते, दात त्याच्या नंतर येतात. "तुम्ही त्याचं 'नको' बंद केलंत, भाऊ. त्याला नको होतं ते काही बंद झालं नाही. मग मधली पायरीच गेली."

मला लगेच पटलं. इंजिन तापलं की दिवा लागतो म्हणून एका ड्रायव्हरनं दिव्याची वायरच काढून टाकली होती. गाडी पुढं कसारा घाटात पेटली.

धनराज खाली बघत होता. "म्हणजे माझ्यामुळं पोरीला चावलं."

"तुमच्यामुळं न सांगता चावलं," मोहिनी म्हणाली. "पण चावलं ते दुसऱ्याच कशानं. ह्याला कुठंतरी फार दुखतंय, आणि ते दुखणं त्याला कोणीतरी दिलंय. अगदी मायेनं दिलंय." ती उठली. "आणि तो माणूस ह्या घरातच आहे. त्याला हळद्या आजवर चावला नाही, ह्याचं कारणही तेच आहे."

४

बंगल्याकडे जाताना तिनं मला थांबवलं. तिघांना चावला तेव्हा तिघांचे हात कुठं होते, असं विचारलं. मी आठवून सांगितलं की बारकू पट्टा अडकवत होता, महेश मानेत गोचीड शोधत होता आणि वेदिकाचा हात गळ्यात होता.

"आणि बघायला मान कोण वळवत नाही? खायला मान कोण खाली घालत नाही?"

आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तो वास उंदराचा नव्हता.

"श्रावणात हाडांचा सापळा होता," मोहिनी म्हणाली. "मग भरला. थंडीचे दाट केसही आले. खोड जाड झालं हो. आता दोरी कोणी बांधली ते विचारायचं. ह्या घरात एकच माणूस हळद्यावर जीव टाकतं आणि त्याच्या मानेला मात्र चुकूनही हात लावत नाही."

साळूबाई देवघरात होती. खंडोबाच्या टाकासमोर भंडाऱ्याची वाटी ठेवून, पाय पसरून वाती वळत बसली होती. मोहिनी तिच्याजवळ जमिनीवर बसली. मी दारातच थांबलो. बाहेरच्या कोणाला आत येऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम होतं.

"आजी," मोहिनी म्हणाली, "दोरा श्रावणात बांधला ना?"

म्हातारीच्या हातातली वात थांबली. तिनं आधी टाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे.

"बोललेला नवस सांगायचा नसतो, डॉक्टरीणबाई."

"मला नवस सांगू नका. गाठ सांगा. सैल ठेवली होती?"

"ठेवली व्हती की. दोन बोटं जात व्हती आत." साळूबाईनं दोन बोटं पुढं केली. "बागेतली नायलॉनची दोरी घेतली, चंपाषष्ठीपातुर कुजू नये म्हणून. मधी भंडाऱ्याची पुडी शिवली. तवा त्याच्या अंगावर होतं काय? नुसती हाडं…"

ती तिथंच अडकली. पुढं केलेली दोन बोटं तिनं डोळ्यांसमोर धरली. सबंध गावाच्या बायांना तिनं वेली बांधायला शिकवलं होतं. चार बोटं सैल ठेवा, खोड जाड होतं, हे तिनं किती जणींना किती वर्षं सांगितलं असेल. आता ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"खोड भरलं," ती म्हणाली. मग तिनं पदर तोंडाशी नेला. मला बघवेना, म्हणून मी अंगणाकडे तोंड केलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती त्या दिवशी तिनं खंडोबाला साकडं घातलं होतं. हा जगला तर चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याचा पहिला घास ह्याला घालीन आणि मगच हा दोरा सोडीन. हळद्या दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला उठला. घरात हसतील म्हणून तिनं कोणाला सांगितलं नाही. नवसाचा दोरा उगाच हाताळू नये म्हणून मानेला कधी हात लावला नाही. आणि आता पोटातली भीती वेगळीच होती. चंपाषष्ठीला अजून महिना होता. आधी दोरा काढला तर देवानं दिलेला जीव देव परत नेणार.

"ठेवला तरी मरतंय, काढला तरी मरतंय," ती म्हणाली. "मी काय करू, बाई?"

मोहिनी देवभोळी नाही. उपवासाच्या दिवशी माझ्यासमोर बसून पोहे खाते. पण तिनं म्हातारीचा हात हातात घेतला आणि जे बोलली ते मी विसरणार नाही. "आजी, ज्याच्या घोड्यामागं कुत्रं धावतं तो देव कुत्र्याचा गळा कशाला आवळेल? नवस तुम्ही घासाचा बोललात. घास चंपाषष्ठीला घालाच. दोरा ज्या हातानं बांधला त्याच हातानं आज सोडा. मी बाकीचं बघते."

साळूबाईनं टाकासमोर डोकं टेकलं. उठली तेव्हा कपाळाला भंडारा लागला होता.

झोपेच्या गोळ्या घातलेली भाकर तिनंच हळद्याला ओट्यावर भरवली. तो सुस्तावल्यावर मोहिनीनं तोंडाला जाळी बांधून मांडीत इंजेक्शन दिलं. धनराजनं मागितलेलं ते कायमचं नव्हे, हे साध्या झोपेचं होतं. मग तिनं आयाळीचे केस कातरले. वासानं सविता मागे सरली. मानेखाली लाल-पिवळी भेग पडली होती आणि दोरी त्यात दिसतही नव्हती. फक्त मागच्या बाजूला, केसांच्या गुंत्यात, पिवळ्या कापडाची मळकी पुडी आणि वर गाठ.

धनराजनं ते बघितलं आणि आईकडे वळला. तो काहीतरी बोलणार होता. पण गुंडाळलेला पेपर अजून शेजारच्या क्रेटवर पडला होता आणि तो त्याच्या नजरेस पडला असावा. त्यानं तोंड मिटलं आणि खाली बसून हळद्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"सोड, आये," तो म्हणाला. "मी धरतो."

साळूबाईच्या बोटांनी आयुष्यात हजारो गाठी बांधल्या आणि सोडल्या असतील. ही सुटायला वेळ लागला, पण सुटली. मग मोहिनीनं चिमट्यानं मांसातून दोरी हळूहळू ओढून काढली. वेदिका एका हातानं बॅटरी धरून उभी होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं.

५

पुढचा महिना मोहिनी आठवड्यातून दोनदा तिडक्यांकडे जायची. दहा दिवस सरले, हळद्या ठणठणीत राहिला, आणि वेदिकाचा घोर मिटला. सुईचं नाव मग कोणी काढलं नाही.

पण जखम भरली म्हणून कुत्रं लगेच विश्वास ठेवत नाही. मोहिनीनं घराला नियम लावले. हळद्या खाताना, झोपताना कोणी जवळ जायचं नाही. पट्टा नको, छातीवरून बांधायचा हार्नेस. आपण त्याच्यापाशी जायचं नाही, तो आपण होऊन आला तरच हात लावायचा. पाहुणे आले की त्याला जाळीआड त्याच्या जागी ठेवायचं, ती शिक्षा म्हणून नाही, त्याला निवांत वाटावं म्हणून. बाहेर नेताना तोंडाला जाळी. महेश बिस्किटांची पुडी घेऊन पुन्हा येऊ लागला, आणि पहिल्याच दिवशी धनराजनं त्याला स्वतः चहा दिला. माफी वगैरे शब्द तिडक्यांच्या घरात नाहीत. चहात साखर जास्त होती, असं महेश सांगत होता.

आणि घरात पेपर येणं बंद झालं. वाचायचा तर मोबाइलवर वाचा, असा हुकूम. माझी त्या घरात फार गैरसोय झाली, पण माझी बाजू कोण घेणार?

एक गोष्ट मात्र परत येईना. हळद्या शेपूट हलवायचा, वेदिकाच्या पायाशी लोळायचा, मान सगळीकडे वळवायचा. पण आवाज नव्हता. काही आवडलं नाही की तो गोठून उभा राहायचा, आणि ते बघून मोहिनीचा जीव वरखाली व्हायचा. "हा असाच राहिला तर भरवसा नाही," ती मला एकदा म्हणाली. "न बोलणारं कुत्रं लेकराबाळांच्या घरात ठेवा असं मी कसं सांगू?" दहा दिवस सरले तरी निकाल लागला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

चंपाषष्ठीला आम्हाला जेवायचं आमंत्रण होतं. अंगणात तळी उचलली, भंडारा उधळला. त्या गलक्याच्या वेळी वेदिका हळद्याला घेऊन बागेच्या टोकाला गेली होती. सगळं शांत झाल्यावर ती त्याला घेऊन आली. साळूबाईनं वांग्याचं भरीत आणि रोडगा पानावर घेतला आणि घरात कोणीही घास तोंडात घालण्याआधी ते पान हळद्यापुढं जमिनीवर ठेवलं. त्यानं मान खाली घातली आणि खायला लागला. म्हातारीचे ओठ हलत होते.

धनराजला आईचा आनंद बघून भरून आलं असावं. नियमबियम विसरून तो पानावर आणखी एक रोडगा वाढायला पुढं आला आणि हळद्यावर वाकला.

हळद्या खाता खाता थांबला. अंग ताठ झालं. मोहिनीनं माझं मनगट धरलं. वेदिका जागच्या जागी उभी राहिली. आणि मग हळद्याच्या छातीतून, आधी चाचपडत, मग स्पष्ट, एक खोल गुरगुर आली.

 हळद्यानं स्वतःच कान पाडले आणि डोळे बारीक केले. आता फटका येणार, हे त्याला पाठ होतं.

धनराजचा रोडगा धरलेला हात तसाच हवेत होता. मग तो सावकाश मागे सरला, एक पाऊल, आणखी एक. त्याचे डोळे भरले होते.

"सरका सगळे मागं," तो हळू आवाजात म्हणाला. "बोलतंय ते."

आम्ही सगळे मागे सरकलो. हळद्यानं थोडा वेळ आमच्याकडे बघितलं, मग मान खाली घालून पान चाटून पुसून संपवलं.